शब्दकोड्याने तुम्हाला काय शिकवलं? (आणि एक अडलेला शब्द)

कोरा_चौकोन

आमच्या घरी पेपर आला की त्याचे आधी दोन तुकडे व्हायचे. बातम्यांचा आईकडे, कोड्याचं पान दादांकडे. दादा म्हणजे वडील. एसटीत कंट्रोलर होते. डेपोत गाड्यांच्या वेळा लिहायचं लाल-निळं पेन घरी आणून त्याच पेनने चौकोन भरायचे. खोडायची सोय नाही, म्हणून शब्द पक्का झाल्याशिवाय पेन टेकवायचे नाहीत.

आता ते ८१ वर्षांचे आहेत आणि वाईला असतात, मी ठाण्यात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी कोड्याचा बारीक टाइप त्यांना दिसत नाही. गेल्या पावसाळ्यापासून रोज रात्री साडेआठला मी फोनवरून एकेक क्लू वाचते. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती अक्षरी?"

मला वाटत होतं, मी त्यांच्यासाठी हे करते. दुसऱ्याच आठवड्यात भ्रम फिटला. क्लू होता, "मोटेचे पाणी पडते ती जागा", अक्षरं तीन. माझ्याकडे 'था' होता आणि शेवटचा 'ळे'. मधे काय ते सुचेना. दादा म्हणाले, "थारोळे." मी म्हटलं, "दादा, थारोळं रक्ताचं असतं." फोनवर मोठ्याने हसले. "अगं, रक्ताचं कशाला? पाण्याचं असतं ते. विहिरीच्या काठावर दगडी बांधलेलं. मोट, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची मोठी पिशवी, वर आली की त्यात भडभडून रिकामी व्हायची आणि तिथून पाटाने पाणी मळ्यात."

आयुष्यभर 'रक्ताच्या थारोळ्यात' वाचत आले. थारोळं म्हणजे रक्ताचंच काहीतरी डबकं, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्या रात्री पहिल्यांदा ती उपमा मला डोळ्यांपुढे दिसली, आणि अंगावर काटा आला. पेपरवाल्यांनी तिचा चोथा केलाय हा भाग वेगळा.

दुसरा शब्द 'औट'. क्लू नुसता "साडेतीन", अक्षरं दोन. दादांनी क्षणात सांगितला. मग मला कळलं की 'औट घटकेचं राज्य' मधला औट म्हणजे इंग्रजी आउट नव्हे. (हसू नका. मला खरंच वाटायचं की राजा आउट होतो म्हणून.) घटका २४ मिनिटांची. साडेतीन घटका म्हणजे ८४ मिनिटं. एक तास चोवीस मिनिटांचा राजा! आता ती म्हण मला घड्याळ लावून दिसते.

तेव्हापासून वही केली आहे. त्यात सुटलेले शब्द लिहीत नाही, फक्त अडलेले लिहिते. जे पटकन भरले ते मला आधीच येत होते, त्यांनी मला काय दिलं?

आता मूळ अडचण. दादांच्या जुन्या डायरीत एक कात्रण सापडलं, अर्धं भरलेलं, एक कोपरा फाटलेला. त्यात आडवा शब्द आहे, "मोटेची बारीक दोरी", तीन अक्षरी. शेवटचं अक्षर 'र' नक्की, कारण तिथून 'रवंथ' खाली जातो. पहिल्या अक्षरावरूनही एक तीन अक्षरी शब्द खाली जातो, पण त्याचा क्लू फाटलेल्या कोपऱ्यात गेला. जाड दोरीला नाडा म्हणतात हे दादांना आठवतं. बारीक दोरीचं नाव येत नाही. लहानपणी रोज पाहिलेली वस्तू, आणि नाव ओठाशी येऊन परत जातं. दोन दिवस ते त्यावरच आहेत.

मी शब्दकोश उघडला आणि तसाच मिटला. शब्दकोशात शब्दावरून अर्थ सापडतो. अर्थावरून शब्द कसा शोधायचा?

तर कुणाला ती दोरी माहीत असेल तर सांगा. आणि तुम्हाला कोड्याने काय शिकवलं तेही.

पेन्सिलवाला

वाचनखूण साठवली! दोरी माहीत नाही, पण माझी कमाई सांगतो.

नववीत संस्कृत सोडून शंभर मार्कांचं हिंदी घेतलं होतं. त्यामुळे कोड्यातले तत्सम शब्द म्हणजे माझ्यासाठी फटाक्यांची माळ. जलधी, नीरद, अंबुज, वारिद, सगळे एकाच छापाचे. चार-पाच वर्षं नुसते पाठ करत होतो. मग एका लोकल प्रवासात शेजारच्या काकांनी माझ्या पेपरच्या कडेला पेन्सिलने लिहून दाखवलं. पाण्याला जल, नीर, अंबु, वारि असे शब्द आहेत. पुढे 'ज' लावला की कमळ, म्हणजे पाण्यात जन्मलेलं. 'द' लावला की ढग, पाणी देणारा. 'धी' लावला की समुद्र, पाणी साठवणारा.

जलज, जलद, जलधी. नीरज, नीरद, नीरधी. अंबुज, अंबुद, अंबुधी. वारिज, वारिद, वारिधी. चार गुणिले तीन, बारा शब्द एका डब्यात, मुलुंड ते भायखळा!

मग 'ग' म्हणजे जाणारा. ख म्हणजे आकाश, त्यात जाणारा खग. उरावर सरपटत जाणारा उरग, म्हणजे साप. आणि जो जातच नाही तो नग, म्हणजे पर्वत. हे कळलं त्या दिवशी स्टेशन चुकलं.

रच्याकने (म्हणजे बाय द वे), आम्ही बसलो होतो ती 'जलद' लोकल. ढगाशी तिचा संबंध नाही. तो जलद फारसीतून आलेला. दोन्ही शब्द एकसारखे दिसतात, एक पाऊस देतो आणि दुसरा दादर.

फुकटचा_शहाणा

धागा छान, पण एवढं कौतुक पचत नाही. रोज कोडं सोडवणारा माणूस काय शिकतो? तेच ते चाळीस शब्द. नग, रव, तमा, इभ. 'इभ' म्हणजे हत्ती हे मला गेली वीस वर्षं माहीत आहे आणि वीस वर्षांत कोड्याबाहेर मला एकही इभ भेटलेला नाही.

आणि क्लू कसले? "एक पक्षी (२)". मोर, बक, काक, शुक, पिक, हंस, घार, राघू, मैना. यात शिकण्यासारखं काय? ही मटक्याची आकडेमोड आहे. आडवं-उभं जुळेल तो पक्षी.

कोरा_चौकोन

@फुकटचा_शहाणा, 'एक पक्षी' बद्दल शंभर टक्के अनुमोदन. दादा तो क्लू आला की म्हणतात, "ह्याला सांग, पुढच्या वेळी 'एक शब्द' असं लिही."

माजी_कोडेकार

एका छोट्या साप्ताहिकात सहा वर्षं कोडी केली. मानधन सांगत नाही, चहाचंही निघायचं नाही. 'एक पक्षी'चा आरोप मान्य. पण आरोपीची बाजूही ऐका.

इंग्रजी कोड्यात दोन शब्द एकमेकांना छेदतात तिथे एकच सुटं अक्षर जुळवायचं असतं. आपल्याकडे एका चौकोनात व्यंजन, मात्रा, अनुस्वार सगळं बसलेलं असतं. चौतीस व्यंजनं गुणिले बाराखडी म्हणजे चारशेच्या वर गेलात, आणि अजून जोडाक्षरं मोजलीच नाहीत. 'वर्धा' दोन अक्षरी, त्यातल्या 'र्धा'वरून खाली जाणारा शब्द शोधा बघू. म्हणून मराठी कोड्यात काळे चौकोन जास्त दिसतात. तो आळस नव्हे, नाइलाज आहे.

त्यात 'ळ'. मराठीत ळ ने सुरू होणारा शब्द नाही. सुंदर आडवा शब्द सापडतो, 'आभाळ', आणि त्याच्या शेवटच्या चौकोनातून खाली काही सोडता येत नाही. हे मला व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवलं नाही, रात्री दोन वाजता रिकाम्या जाळीने शिकवलं. 'ण'चंही तेच. कोपऱ्यात ण आला की कोडेकार संपला. मग कुठेतरी दोन चौकोन उरतात, तिथे 'बक' शिवाय काही बसत नाही. बगळ्याच्या पायाशी कोडेकाराची सगळी लाज ठेवलेली असते.

ऱ्हस्व-दीर्घही तिथेच पक्कं झालं. 'रवी'च्या 'वी'तून 'वीज' खाली जाते, 'विळी' जात नाही. एकटा असताना रवी दीर्घ, पण 'रविवार' म्हटला की ऱ्हस्व. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम मी शाळेत घोकले होते, कळले मात्र कोडी करायला लागल्यावर. नियम मोडला की दोन शब्द जागच्या जागी भांडतात. वाचक पोस्टकार्ड टाकून भांडतात ते वेगळंच.

मार्मिक_मांजर

> 'ण'चंही तेच. कोपऱ्यात ण आला की कोडेकार संपला.

णमोकार! जैन मंत्र. चार अक्षरी. घ्या, कोपरा सुटला.

माजी_कोडेकार

@मार्मिक_मांजर, साष्टांग नमस्कार. सहा वर्षं आधी का भेटला नाहीत?

संत्रानगरी

आमचा विदर्भाचा सूर लावतो. लग्न करून पुण्यात आलेली बहीण एकदा कोडं घेऊन बसली होती. "कोथिंबीर", तीन अक्षरी. तिने डोळे मिटून 'सांबार' भरलं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "इडलीबरोबरचं?" नंतर कळलं की उत्तर 'धणिया' की कायसंसं होतं. मी म्हणतो, सांबार लिहिलं तर मार्क द्यायलाच हवेत.

पण गंमत अशी की त्या दिवसापासून त्या सासूबाई भाजीवाल्याकडे "सांबार द्या" म्हणतात, भाजीवाला गोंधळतो आणि त्या खूश होतात. शिकलं कोण ते तुम्हीच ठरवा.

गच्चीवरचा

कोड्याने मला आकाश दिलं. अतिशयोक्ती वाटेल, पण असंच झालं.

"दक्षिणेकडील तेजस्वी तारा", तीन अक्षरी. अगस्ती. ठीक, ऋषींचं नाव, भरून टाकलं. पण नंतर डोक्यात भुंगा, की हा दिसतो तरी कुठे? फेब्रुवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास गच्चीवर गेलो. आधी व्याध शोधला, तो सोपा. आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा तोच. तिथून सरळ खाली, दक्षिण क्षितिजाच्या थोडा वर, पिवळसर पांढरा, एकटाच. तोच अगस्ती. तेजस्वितेत व्याधानंतर त्याचाच नंबर. दिल्लीकडे तो क्षितिजाला अगदी चिकटून असतो, युरोपच्या बहुतेक भागातून तर दिसतच नाही. आपल्याकडून छान दिसतो.

मग पुढच्या कोड्यांतली नावं एकेक करून वर चिकटवली. रोहिणी, मघा, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा. ही सगळी नक्षत्रं पंचांगात असतात, पण ती कुठेतरी प्रत्यक्ष लुकलुकत असतात हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. बायको म्हणते, कोडं खाली पडलंय आणि हा वर बघतोय.

पेन्सिलवाला

@गच्चीवरचा, असंच माझं 'ताम्हण'. क्लू होता "पूजेतले पात्र". पळी-ताम्हण माहीत होतं, भरलं. महिन्याभराने "महाराष्ट्राचे राज्यफूल" आलं, तेही तीन अक्षरी. कितीतरी वेळ जास्वंद बसवायचा प्रयत्न केला. उत्तर पुन्हा ताम्हण. मग कळलं की ऑफिसच्या रस्त्यावर एप्रिल-मेमध्ये जांभळ्या फुलांनी भरून जाणारी ती झाडं म्हणजे ताम्हणच. सोळा वर्षं त्यांच्याखाली स्कूटर लावत होतो, नाव न विचारता.

गोदाकाठ

कोडी चुकीचंही शिकवतात, हे कुणीतरी लिहा. मीच लिहितो.

एका कोड्यात क्लू होता, "कोल्हापूरच्या पंचगंगेतील एक नदी", अक्षरं तीन. उत्तर छापलं 'कोयना'. आता कोल्हापूरची पंचगंगा होते ती कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्यांची, आणि पाचवी गुप्त सरस्वती मानतात. कोयना आहे ती महाबळेश्वरच्या पंचगंगेत. तिथल्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री अशा पाचजणी एकत्र येतात. कोडेकाराने दोन पंचगंगा एका हंड्यात ओतल्या. आमच्या मुलाने ते उत्तर शाळेच्या प्रश्नमंजूषेत ठोकून दिलं आणि हरला. मी संपादकांना पत्र लिहिलं, उत्तर नाही.

पण त्या रागात नकाशा काढून बसलो, आणि एक गोष्ट नव्याने लक्षात आली. त्या पाचांतली सावित्री तेवढी उलटी, पश्चिमेला उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा आणि कोयना पूर्वेची वाट धरतात आणि कराडला भेटतात. एकाच डोंगरावर उगम, आणि पाणी दोन समुद्रांना.

फुकटचा_शहाणा

म्हणजे मान्य करा, शिकवलं नकाशाने. कोडं चुकलं होतं.

गोदाकाठ

@फुकटचा_शहाणा, कोडं चुकलं नसतं तर नकाशा माळ्यावरच राहिला असता.

आडनावात_काय_आहे

मला कोड्याने शेजारी कळले. आमच्या सोसायटीत डबीर, पोतनीस, सबनीस आणि पारसनीस अशी चार कुटुंबं. एका कोड्यात आलं, "शिवकालीन परराष्ट्रमंत्री", तीन अक्षरी, डबीर. मी डबीरकाकांना विचारलं, त्यांना माहीत! राज्याभिषेकाच्या वेळी १६७४ मध्ये महाराजांनी या पदांना संस्कृत नावं दिली, डबीरचा सुमंत झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री. पदांची नावं बदलली, आडनावं फारसीच राहिली.

मग पोतनीस म्हणजे खजिन्याचा हिशेब ठेवणारा, पारसनीस म्हणजे फारसी पत्रव्यवहार बघणारा, हे ओघाने आलं. आता सोसायटीच्या मीटिंगमध्ये मेंटेनन्सचा हिशेब पोतनीसांकडेच द्यावा असा माझा ठराव आहे. त्यांचा विरोध आहे.

मांडवीकाठ

गोव्यातून नमस्कार. मराठी पेपरातली कोडी आमच्याकडे घरोघरी सोडवतात, पण 'पुण्याची' कोडी आली की आमची पंचाईत होते. मोट, नाडा, औत हे आम्हाला परके. आमच्या इथली शेती खाजनातली, खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली. त्या बांधात भरती-ओहोटीचं पाणी सोडायला-अडवायला दार असतं, त्याला मानस म्हणतात. एकदा स्थानिक पेपरात "खाजनातील दार (३)" आलं आणि आमच्या आईने चष्मा न लावता भरलं. मुंबईच्या मामीने 'मन' ह्या अर्थाचा मानस समजून अर्धा तास वाद घातला.

'भाटकार' (जमीनमालक) आणि 'रापण' ही आमची दोन हमखास उत्तरं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं. पंधरा-वीस माणसं दोन्ही टोकांना लागतात. कोड्यात तीन चौकोनांत बसतं.

औटकी_पाठ

मी ८४ वर्षांचा, नातू टाइप करून देतो आहे. औट वाचून राहवलं नाही. आम्हाला शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी असे पाढे होते. दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा. सकाळी उभं राहून म्हणायचे. १९५७ साली नवे पैसे आले आणि हळूहळू हे सगळं गेलं. आता 'औट' फक्त कोड्यात आणि म्हणीत शिल्लक.

मापंही तशीच. दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली, बारा पायल्या एक मण, वीस मण एक खंडी. कोडेकारांना चिपटं आणि मापटं फार आवडतं, कारण तीन अक्षरी. मुलांना पायली म्हणजे 'पायलीला पन्नास' एवढंच माहीत.

बागायतदार

बाबा, आमच्याकडे सोळा पायल्यांचा मण. बाराचा नाही.

औटकी_पाठ

तुमच्याकडे सोळाचा असेल. भाग बदलला की माप बदलायचं. म्हणून तर बाजाराला जाताना आधी 'कुठली पायली' ते विचारायचे. (आजोबा म्हणतायत की बाराचाच खरा. – नातू)

जर्सीची_मावशी

न्यू जर्सीहून. इथे मी इंग्रजी कोडी सोडवायला लागले ती इंग्रजी सुधारायला. झालं उलटंच. इथल्या कोडेकारांना स्वरांनी भरलेले छोटे शब्द लागतात, म्हणून आपलेच शब्द त्यांनी उचललेत. सारी, रागा, रानी, नान, आग्रा. आग्रा तर इतक्यांदा भरलंय की ताजमहाल मी बांधल्यासारखं वाटतं. शेजारीण विचारते, "रागा म्हणजे नक्की काय?" आणि मला सांगता येत नाही! शेवटी तिला उत्तर द्यायचं म्हणून साठाव्या वर्षी ऑनलाइन क्लास लावला. सध्या भूपवर अडकले आहे.

@फुकटचा_शहाणा, तुमच्या इभासारखे तिकडेही आहेत. तलवारबाजीची एक तलवार आहे, ती कोड्याबाहेर मला कधी दिसली नाही.

जाता जाता, हे सगळं सुरूही इथूनच झालं, शेजारच्या न्यूयॉर्कात. आर्थर विन नावाच्या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ च्या रविवार पुरवणीत पहिलं कोडं छापलं, शंकरपाळ्याच्या आकाराचं.

मार्मिक_मांजर

मग इंग्लंडची गोष्टही येऊ दे. १९४४ च्या मे महिन्यात लंडनच्या डेली टेलिग्राफच्या कोड्यांत ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी असे शब्द एकामागून एक उत्तरं म्हणून आले. दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीवरच्या हल्ल्याची ती गुप्त सांकेतिक नावं होती आणि हल्ला पुढच्याच महिन्यात व्हायचा होता. कोडेकार लिओनार्ड डॉ हे शाळेचे मुख्याध्यापक. गुप्तहेर खात्याची माणसं त्यांच्या दारात. चौकशीत काही निघालं नाही. १९८४ मध्ये त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं की सर आम्हा पोरांना रिकामी जाळी देऊन शब्द भरायला लावायचे, आणि ते शब्द आम्ही जवळच्या छावणीतल्या सैनिकांकडून ऐकलेले. म्हणजे कोड्यातून कोण काय शिकेल, सांगता येत नाही!

फुकटचा_शहाणा

ही गोष्ट मात्र आवडली. धागा भरकटून त्याचं काश्मीर होण्याआधी कुणीतरी त्या ताईंची दोरी द्या.

माजी_कोडेकार

@कोरा_चौकोन, तुमचं 'अर्थावरून शब्द कसा शोधायचा' हे डोक्यात राहिलं. पूर्वीच्या लोकांनी त्यावर तोड काढली होती, अमरकोश. तो अकारविल्हे नाहीच. स्वर्ग, पाणी, जमीन, गाव, माणूस असे विषय धरून एकेका वस्तूची नावं श्लोकांत गुंफलेली. कमळाला नलिन, अरविंद, तामरस, कुशेशय अशी रांगच. कुशेशय मी एकदा वापरला, सात पोस्टकार्डं आली. पण तो संस्कृताचा. मोटेच्या दोरीला तिथे कोण विचारतो? ते शब्द माणसांच्या तोंडीच राहिले. मोटा गेल्या, पंप आले. ज्यांनी मोट हाकली त्यांनाच विचारावं लागेल.

बागायतदार

तासगावजवळचा आहे. आमची मोट मी पाहिलेली नाही, पण वडिलांना आत्ता विचारलं. ते गोठ्यातून ओरडून म्हणाले, "सोंदूर!"

नाडा आणि सोंदूर अशी जोडी. नाडा जाड, तो मोटेच्या तोंडाला, वरच्या चाकावरून जातो. सोंदूर बारीक, तो मोटेच्या सोंडेला (पाणी ओतायच्या नळीला), खालच्या लाकडी रुळावरून. मोट वर येईपर्यंत सोंदूर सोंड वर धरून ठेवतो म्हणून पाणी सांडत नाही. वर आली की तोच सोंड थारोळ्यात ओढून घेतो आणि मोट रिकामी होते. बैल धावेवरून (विहिरीपासून खाली जाणाऱ्या उतारावरून) खाली गेले की दोन्ही दोर एकदमच ओढले जातात. वडील म्हणाले, नीट मापाचा सोंदूर बांधणं हेच मोटकऱ्याचं कसब.

सों-दू-र. तीन अक्षरी, शेवटी र. बसतोय का बघा.

पेन्सिलवाला

_/\_ वडिलांना आणि गोठ्याला.

कोरा_चौकोन

बसला!!

रात्री साडेआठपर्यंत थांबले नाही, लगेच फोन लावला. मी नुसतं "सों" म्हटलं आणि पलीकडून "दूर" आलं. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "नाडा तुटला की मोट विहिरीत. सोंदूर तुटला की पाणी विहिरीत. अण्णा दुसऱ्याला जास्त चिडायचे." अण्णा म्हणजे माझे आजोबा. ते मी दोन वर्षांची असताना गेले. ते चिडायचे हे मला आज पहिल्यांदा कळलं.

@बागायतदार, वडिलांना माझ्या दादांचा नमस्कार सांगा. दादा विचारतात, धाव किती हाताची होती?

आता त्या 'सों'वरून खाली जाणारा तीन अक्षरी शब्द तेवढा उरलाय. मधलं आणि शेवटचं अक्षर रिकामं, क्लू फाटलेला. दादा म्हणतात सोंगटी. मी म्हणते सोंगाड्या. आई आतून म्हणते, दोघंही जेवायला बसा. (ती वाईला, मी ठाण्यात, तरी दोघांना.) कुणाला काय वाटतं?

फुकटचा_शहाणा

क्लू फाटलाय ना? मग नक्की 'एक पक्षी' असणार.